मांडी घालता येते का?

गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून लग्नपत्रिकेचं एक जुनं पाकीट काढलं आणि काउंटरवर पालथं केलं. आतून अर्ध्या केलेल्या गोळ्या पडल्या. काही मधोमध दुभंगलेल्या, काहींचा नुसता चुरा.

"अडकित्त्यानं फोडल्या," ते म्हणाले. "ब्लेडनं परवा बोट कापलं."

गोळ्या प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या. आमच्या रहिमतपुरात तिला त्या नावानं कुणी ओळखत नाही. कुणी वायसोलोन म्हणतं, कुणी ओम्नाकॉर्टिल, आणि बायका म्हणतात 'ती तोंड सुजवणारी'. मिलिग्रॅम हा शब्द तर फक्त पाकिटावर छापलेला. माणसं पॉवर म्हणतात. गुरुजी मराठी शिकवून निवृत्त झालेले, नाटककार वसंत कानेटकरांच्या जन्मगावात आपण राहतो हे येताजाता ऐकवणारे, पण तेसुद्धा म्हणाले, "सूनबाई, दहा पॉवरवर आलो आणि बोटं धरली बघ."

सूनबाई म्हणजे मी. औषधांचं दुकान सासऱ्यांचं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, लायसन्स माझ्या नावावर आहे, तरी गावातल्या साठीपुढच्या माणसांना मी अजून सूनबाईच आहे.

गुरुजींचा आजार पोटातला, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं आणि रक्त पडतं. पुण्याच्या डॉक्टरांनी ४० मिलिग्रॅमवर सुरू करून दर आठवड्याला ५ कमी करत आणायला सांगितलं होतं. सातव्या आठवड्यात ते १० वर आले. पोट शांत होतं. आणि एका सकाळी दोन्ही हातांची बोटं, मनगटं, खांदे, गुडघे असं सगळंच ठणकायला लागलं. धोतराची गाठ मारताना बायकोला हाक मारावी लागली, याचा त्यांना जास्त राग.

"आजार पोटात आणि दुखतंय बोटांत. हे कसलं व्याकरण?"

पण त्यांनी स्वतःच उत्तरही शोधलं होतं. दोन दिवस परत २० घेऊन बघितले होते आणि दुखणं साफ पळालं होतं. "निदान झालं," ते म्हणाले. "मला ती गोळी लागतेच. तू आणखी एक पान दे."

हे निदान मी काउंटरवर किती वेळा ऐकलंय, सांगता येणार नाही. गोळी वाढवली, बरं वाटलं, म्हणजे शरीराला ती हवी होती. ऐकायला बिनतोड वाटतं. पण स्टेरॉइड कुठल्याही सुजेवर पाणी ओततं. आजार उलटला असेल तरी बरं वाटतं, गोळी कमी झाल्याची नुसती कुरकुर असेल तरी बरं वाटतं, आणि सांध्यात पू झाला असेल तरी चार दिवस बरं वाटतं, आत पू वाढत असतो. बरं वाटण्यावरून कारण कळत नाही. मी पान दिलं नाही. शेड्यूल एचचं औषध, चिठ्ठीवर जेवढं तेवढंच. गुरुजी रुसले. मी त्यांच्यासमोरच पुण्याला फोन लावला.

मी या गावात आले २००५ च्या मे महिन्यात, डी. फार्म.ची गुणपत्रिका ट्रंकेत घेऊन. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रभर चिकुनगुनिया पसरला. सकाळी शटर वर केलं की माणसं कट्ट्याला धरून उभी. कमरेतून वाकलेली, पाय फाकवून चालणारी, तांब्या उचलता येत नाही म्हणून रडणारी. सांधेदुखी म्हणजे म्हाताऱ्यांची गोष्ट, असं मी तोवर समजत होते. त्या वर्षी मला पुडीही कळली. आठवडी बाजारात जडीबुटी म्हणून कागदात बांधून विकायचे. सासरे म्हणायचे, "रात्री पुडी घेतली आणि सकाळी पळायला लागला, तर पुडीत झाडपाला नाही, आपल्याच कपाटातली गोळी कुटून घातलीय." अशी पुडी महिनोन् महिने खाल्लेली माणसं नंतर आमच्याकडं यायची. तोंड चंद्रासारखं गोल, पोट मोठं, हातपाय काटकुळे. पुडीवाला गाव बदलायचा, पुडी अचानक थांबायची आणि मग सगळं अंग आवळून यायचं. त्या दुखण्याला नाव आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

नंतर वाचत गेले. पुडीवाल्याची जादू आणि नोबेलवाल्यांची जादू मुळात एकच. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातानं खिळलेल्या, २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिझोनची इंजेक्शनं सुरू केली आणि काही दिवसांत ती स्वतःच्या पायांनी खरेदीला बाहेर पडली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि रायकश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण औषध काढलं की दुखणं परत येतंय, हे हेंचनाही लगेच दिसलं होतं. आणि त्याच दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आलं की कधीकधी मूळ आजार शांत असतो, तरी नुसता डोस खाली आणताना सांधे आणि स्नायू दुखतात. त्याला त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो 'खोटा संधिवात'. नाव मला आवडत नाही. दुखणाऱ्याला ते खोटं नसतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर गुरुजींना प्रश्न विचारले. रक्त पडतंय का? ताप आहे का? एखादा सांधा सुजून लाल, गरम झालाय का? सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो? उठल्यावर चक्कर, मळमळ? गुरुजी तोंडी परीक्षेला बसल्यासारखे उत्तरं देत होते. सूज नव्हती, रक्त नव्हतं, सगळीकडं सारखंच दुखत होतं. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या करून घ्यायला सांगितल्या, १० वरच पंधरा दिवस थांबायला सांगितलं आणि पुढं ५ च्या ऐवजी अडीच-अडीचनं उतरायला सांगितलं.

फोन ठेवल्यावर गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. त्यांना अजून 'का' हवं होतं. मी म्हटलं, गुरुजी, तुमच्या शेतात कॅनॉलचं पाणी येतं. येतं तोवर विहिरीवरची मोटर कुणी चालवतं का? नाही. मग कॅनॉल एकदम बंद झाला आणि तुम्ही त्याच दिवशी मोटरचं बटण दाबलं, तर? ते म्हणाले, "आधी फुटव्हॉल्व्ह बघावा लागतो. पाणी धरत नाही." तसंच. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं काम आपलं आपण करतात, सकाळी जास्त, रात्री कमी. बाहेरून गोळी यायला लागली की त्या गप्प बसतात, आणि पुन्हा पाणी धरायला त्यांना आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून ही गोळी मनानं एकदम सोडायची नसते. ती सोडून मध्येच ताप किंवा जुलाब झाले, तर माणूस कोसळतो.

पंधरा दिवसांनी गुरुजींची बोटं मोकळी झाली. ५ वर आल्यावर सकाळी आठला, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी, त्या ग्रंथींचं रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं, ठीक निघालं. गोळ्या अर्ध्या करायला मी त्यांना प्लॅस्टिकचा कटर दिला. अडकित्ता सुपारीकडं परत गेला.

या प्रकरणातून मला एक शब्द मिळाला: उतरतीचं दुखणं. मीच बनवलेला. वापरायला फार सोयीचा. कुणी स्टेरॉइड कमी करताना दुखतंय म्हणून आलं की मी तो काढायची, आणि माणसाच्या चेहऱ्यावरची भीती उतरलेली दिसायची. मला त्याची चटक लागली होती, हे आता कळतं.

मग एकजण आला, टेम्पो चालवायचा. वय बत्तीस. फुप्फुसात गाठी होण्याचा आजार, सार्कॉइडोसिस. एक्स-रेत टीबीसारखा दिसतो, टीबी नसतो. आठ महिने गोळी चालू होती, ३० वर सुरू केलेली, तेव्हा साडेसातवर आली होती. खोकला गेला होता, धाप गेली होती. पुण्याची तारीख त्यानं दोनदा चुकवलेली, कारण आल्याचा सीझन होता. आमच्या भागात आल्याचा भाव गाडीवर बोलतात, गाडी म्हणजे ५०० किलो. भाव चढला की शेतकरी रात्रीतून आलं काढून बाजारात घालायला बघतो. अशा दिवसांत टेम्पोवाला पुण्याला तपासणीला कुठला जातोय?

"वैनी, गुडघा धरलाय. डावा. क्लच दाबला की कळ जाती."

"गोळी कितीवर आलीय?"

"साडेसात."

मी हसले. ते हसू मला अजून आठवतं. "उतरतीचं दुखणं आहे. पंधरा दिवस कळ काढ, जाईल."

डावा गुडघा, क्लचचा पाय, उतरता डोस. इतकं छान जुळत होतं की पुढं विचारायचं मला सुचलं नाही. गुरुजींचं दोन्ही हातापायांत सगळीकडं दुखत होतं, याचं एकाच बाजूला, एकाच जागी आणि वजन पडल्यावर, हा फरक समोर उभा होता. त्याला नी-कॅप मीच विकली, एल साइझ. मध्ये दोनदा पॅरासिटामॉल दिली.

चोविसाव्या दिवशी त्याची बायको आली. गिऱ्हाईकं जाईपर्यंत फ्रीजपाशी उभी राहिली.

"ताई, ह्यांना आता खाली बसून जेवता येईना. मांडीच पडत न्हाई. ताट घेऊन कॉटवर बसत्यात."

"गुडघा वाकत नाही?"

"गुडघा वाकतोय की. दुखतंय हितं." तिनं पदराआडून स्वतःच्या जांघेवर हात ठेवला. "रात्री हितं धरून निजत्यात. तुमाला कसं सांगायचं म्हनून गुडघा सांगितला आसंल."

मी डी. फार्म. झालेली बाई. खुब्याच्या सांध्याची कळ मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवते, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. पण आमच्याकडं खुबा हा शब्द बोलण्यातून गेलाच आहे. म्हाताऱ्या माणसांच्या ऑपरेशनच्या बिलात तेवढा दिसतो. एरवी पाठीच्या खाली आणि मांडीच्या वर जे काही आहे ते सगळं 'कंबर', आणि जांघ तर पुरुषमाणसानं वहिनीसमोर उच्चारायची नाही. तो गुडघा म्हणाला. कुठं बोट ठेवतोस ते दाखव, असं मी म्हटलं असतं तर कदाचित त्याचा हात आपोआप वर गेला असता.

काउंटरच्या काचेखाली माझी कात्रणं असतात. त्यात २०२१ मधलं एक होतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोविडनंतरचे तीन रुग्ण नोंदवले होते, तिघंही चाळिशीच्या आतले. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेलं, आणि साधारण दोन महिन्यांत मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून दुखायला लागलेलं. त्या तिघांना मिळालेलं स्टेरॉइड सरासरी ७५८ मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोनच्या हिशेबानं. त्या वर्षी जो तो डिस्चार्ज कार्ड घेऊन मेड्रोल हे स्टेरॉइड मागायला यायचा, म्हणून मी ते कात्रण जपून ठेवलं होतं. टेम्पोवाला गुडघ्याचं सांगत होता तेव्हा त्याच काचेवर कोपर टेकून उभा होता.

त्या रात्री मी बिलबुकं काढली आणि त्याच्या आठ महिन्यांच्या गोळ्यांची बेरीज केली. साडेतीन हजार मिलिग्रॅमच्या वर गेली.

साताऱ्याला एक्स-रे काढला तो स्वच्छ आला. सुरुवातीला येतोच. तेवढ्यावर तो परत टेम्पोवर चढायला निघाला होता. हाडांच्या डॉक्टरांनी मात्र त्याला पाठीवर झोपवून पाय आत वळवून बघितला, आणि तो ओरडला. एमआरआयमध्ये डाव्या खुब्यातलं हाड मरत चाललेलं दिसलं, उजव्यातही सुरुवात होती. हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करायचं ऑपरेशन झालं. मग काही आठवडे कुबड्या. हाड बसलं नाही, खुबा बदलावा लागला नाही, निदान आजपर्यंत तरी. टेम्पो त्यानं भावाला दिला आणि स्वतः हिशेब बघतो.

ते चोवीस दिवस किती महत्त्वाचे होते, हे मी त्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "टेम्पो चालवला नसता तर बरं झालं असतं." एवढंच. टेम्पोवाला मला काही बोलला नाही. अजून वैनीच म्हणतो. नी-कॅप मात्र त्याच्या बायकोनं परत आणून दिली, धुऊन, घडी करून. "वापरायचीच न्हाई तर ठिऊन काय करू?" म्हणाली. मी पैसे देऊ केले, तिनं घेतले. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

आता मी एक वही ठेवते. उधारीची नाही, उतरत्या डोसची. नाव, गोळी, कुठल्या तारखेला कितीवर. त्यात अशा गोष्टी सापडतात की दुखण्याचं कारण डॉक्टरच्या आधी वहीत दिसतं. वाठारच्या एका बाईंचं १० वर नीट चाललं होतं आणि अचानक अंग मोडून आलं. वही बघितली तर दुसऱ्या गावच्या दुकानात प्रेडनिसोलोन नव्हती म्हणून 'तीच आहे' सांगून डेफ्लाझाकॉर्ट ६ दिलेली. जात तीच, पण डेफ्लाझाकॉर्टचे ६ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. बाई एका रात्रीत निम्म्यावर आल्या होत्या आणि त्यांना वाटत होतं थंडी बाधली. उलटंही होतं. चार गोळ्या दुकानदारानं कात्रीनं कापून दिलेल्या असतात, पॉवर छापलेला तुकडा दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडं गेलेला असतो, आणि माणूस ५ समजून १० घेत असतो. म्हणून मी पान कापताना नाव आणि तारीख शेवटपर्यंत राहील अशा बाजूनं कापते. सासऱ्यांची सवय. तेव्हा मला तो त्यांचा चिकटपणा वाटायचा.

आणि मी विचारते. अंग सगळीकडं दुखतंय की एका जागी? बोट ठेवून दाखवा. पुरुष असेल आणि घुटमळला, तर दुकानातल्या मुलाला पुढं करते, त्याच्याशी बोला म्हणते. सूज, ताप, पाठीत अचानक कळ (हाडं ठिसूळ होऊन मणका दबतो, तीही याच गोळीची देणगी). शेवटी सगळ्यांना विचारते, मांडी घालता येते का? पंगतीला, देवापुढं, भाजी निवडताना, आपल्याकडं माणसाला दिवसातून चार वेळा मांडी घालावी लागते. खुबा बिघडला की पहिली तीच जाते. मुंबईच्या टेबल-खुर्चीवाल्या माणसाला हे महिनाभर कळणार नाही. इथं बायकोला दुसऱ्या दिवशी कळतं. हे सगळं मी डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून पाठवते. काही डॉक्टर हसतात माझ्या चिठ्ठीला. हसू देत.

परवा साप गावच्या एक काकू आल्या होत्या. आमवात, बारा वर्षं जुना. भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रांनी घरोघर फिरून सांधेदुखीची पाहणी केली, त्यात हजार मोठ्या माणसांमागं साधारण पाच जणांना हा आजार निघाला. म्हणजे प्रत्येक गावात अशा काकू असणारच, आणि त्या सगळ्या भांगलणीला जात असणार. या काकू मेथोट्रेक्सेट घेतात. स्टेरॉइड ५ वरून अडीचवर आणलंय, महिना झाला. आता मनगटं आणि उजवी बाजू.

"उजवी बाजू म्हणजे कुठं, काकू?"

त्यांनी कमरेपासून घोट्यापर्यंत हात फिरवला. एका जागी बोट ठेवा म्हटलं तर म्हणाल्या, "माणसानं कुटं कुटं बोट ठेवायचं?"

मनगटं मी दाबून बघितली. डावं गरम लागत होतं, किंचित फुगलेलंही. ते उतरतीचं नव्हतं, मूळ आजार डोकं वर काढत होता. पण उजव्या पायाचं काही कळेना.

"मांडी घालता येते का?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली, दुकानाच्या कट्ट्यावर चढल्या आणि भर रस्त्यावर पदर सावरून मांडी ठोकून बसल्या. समोरचा चहावाला बघायला लागला. मी म्हटलं, झकास, उठा आता.

"बसाय येतंय," काकू म्हणाल्या आणि हात पुढं केला. "उठाय येत न्हाई."

मी त्यांना धरून उठवलं. साताऱ्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली: प्रेडनिसोलोन अडीच, एक महिना; डावं मनगट गरम, सूज; उजवा पाय, जागा नक्की सांगत नाहीत. मग पेन थांबलं. खाली त्यांचंच वाक्य लिहिलं, बसाय येतंय, उठाय येत नाही, आणि सव्वाबाराची एसटी लागायच्या आत त्यांना स्टँडवर सोडायला मुलाला पाठवलं.